'व्हय'मधला व्ह आणि 'व्हेरी'मधला व्ही

प्रश्न करवीर तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "सहावी-सातवीला मी इंग्रजी शिकवते. मोबाईलवर इंग्रज माणसाचा आवाज लावते, मुलं ऐकतात, मागोमाग म्हणतात, आणि तरी 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' त्यांच्या तोंडून सारखंच येतं. दहा वेळा ऐकवलं तरी तेच. आवाज तोंडात कसा तयार होतो हे शिकवलं तर फरक पडेल का? आणि माझेच उच्चार पक्के नाहीत, मग मी हे शिकवावं का?"

ताई, फरक पडेल, आणि पुष्कळ पडेल.

मी कोल्हापुरात २६ वर्षं इंग्रजी उच्चार शिकवते आहे. शिक्षक, कॉलेजची मुलं, परदेशी निघालेल्या नर्सेस असे सगळे येतात. पहिली पाच-सहा वर्षं मीसुद्धा कॅसेट लावायची आणि 'ऐका, म्हणा' करायची. आज त्याचं वाईट वाटतं. ज्यांना त्यातून जमलं त्यांचा कान मुळातच तिखट होता, त्यांना माझी गरज नव्हती. ज्यांना गरज होती त्यांना मी काहीच दिलं नाही.

तुमची मुलं लक्ष देत नाहीत असं समजू नका. त्यांना तो फरक खरोखरच ऐकू येत नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांचा १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. घरात जो फरक कुणी करत नाही, तो फरक ऐकणं कान वर्षाच्या आत सोडून देतो. म्हणून मोठ्या इंग्रज माणसासमोर 'ताक' आणि 'टाक' म्हणून बघा, तो गोंधळेल. आपल्याला वाटतं, एवढं ढळढळीत वेगळं आहे, यात काय कळायचं नाही? त्यालाही आपल्या 'व्हेस्ट-वेस्ट'बद्दल अगदी हेच वाटतं.

कान बंद असेल तर त्याच दारावर थापा मारून उपयोग नाही. तालमीत वस्ताद नव्या पोराला नुसतं "माझ्यासारखा डाव टाक" म्हणून थांबत नाही. जवळ येतो, पोराचा पाय जिथं हवा तिथं स्वतःच्या हातानं सरकवून ठेवतो, मान दाबतो, कंबर वळवतो. डाव अंगाला कळला की मग डोळ्यालाही दिसायला लागतो. उच्चाराचं असंच आहे. जिभेला जागा सापडली की काही आठवड्यांनी कानही उघडतो. हा क्रम मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलाय की आता मी दुसऱ्या कुठल्याच क्रमानं शिकवत नाही.

तर तुमचा व्ह. इथं आपल्या लिहिण्याच्या पद्धतीनं एक घोळ करून ठेवलाय. डब्ल्यूसाठी आपण 'व' लिहितो आणि व्हीसाठी 'व्ह': व्हॅन, व्हिडिओ, व्हिक्टोरिया. कागदावर वेगळेपण दाखवायला ही सोय बरी आहे. पण 'व्ह' हा मराठीत आधीपासूनचा जिवंत उच्चार आहे. आपल्याकडे कुणी "व्हय" म्हणतं तेव्हा काय होतं बघा. खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो न जातो, आणि घशातून आवाजाबरोबरच हवेचा एक सैल झोत बाहेर पडतो. तो ह घशातला आहे. इंग्रजी व्हीमध्ये ह चा लवलेश नाही, त्याचं सगळं काम दात आणि ओठ यांच्या फटीत चालतं. मुलगा 'व्हेरी' वाचताना 'व्हय'मधला व्ह काढतो, कारण आपण लिहिलंय तसंच. त्याची काय चूक?

करायचं असं. वरच्या दातांची कड खालच्या ओठावर हलकेच टेकवायची. चावायचं नाही. तशी ठेवून हवा सोडायची, म्हणजे एफ येतो. आता दात-ओठ तिथून न हलवता घशातून आवाज सुरू करायचा. ओठाला गुदगुल्या व्हायला लागतात, भुंगा अडकल्यासारखं गुणगुणतं. तो व्ही. डब्ल्यूला दातांचा संबंधच नाही. 'ऊ' म्हणायला करतो तसा ओठांचा चंबू करायचा आणि तिथून झटकन पुढच्या स्वरावर उतरायचं: ऊ-एस्ट, ऊएस्ट, वेस्ट. पारख सोपी आहे. दोन्ही आवाज लांबवून बघायचे. व्ही लांबवला की गुणगुण चालू राहते, डब्ल्यू लांबवला की नुसता 'ऊ' उरतो. मुलांना ही परीक्षा फार आवडते, कारण ती चुकली की बरोबर हे त्यांचं त्यांना कळतं, बाईंच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

इथं आरसा लागतोच. जोतिबाच्या यात्रेत मिळतो तसला तळहाताएवढा आरसा दोन मुलांत एक पुरतो. व्ही म्हणताना वरचे दात ओठावर टेकलेले दिसले पाहिजेत. डब्ल्यू म्हणताना ओठ गोल दिसले पाहिजेत.

आता जरा मुळाशी जाऊ. एकदा हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

आवाज एका ठिकाणी जन्मतो आणि दुसऱ्या ठिकाणी घडतो. फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेनं स्वरयंत्रातल्या पडद्या उघडझाप करतात, मोठ्या पुरुषाच्या साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या दोनशेच्या आसपास. तिथं नुसता गुंजारव तयार होतो. त्याचा आ, ई की ऊ होणार हे ठरतं वरच्या पोकळीत, म्हणजे घसा, तोंड आणि नाक मिळून जी नळी होते तिच्या आकारावर. कोल्हापूरकराला हे परकं वाटायचं कारण नाही. अल्लादियाँ खाँसाहेब याच दरबारात होते आणि त्यांच्या गायकीतला मोकळा आकार अजून सांगितला जातो. गाणाऱ्याला विचारा: सा तोच धरून ठेवायचा आणि आ-ई-ऊ बदलत जायचं. सूर हलत नाही, म्हणजे पडद्यांचं काम तसंच चालू आहे. बदलतंय ते फक्त तोंड. या दोन कामांचं वेगळेपण गणितानं मांडून दाखवणारा ग्रंथ गुन्नार फांट या स्वीडिश अभियंत्यानं १९६० मध्ये लिहिला आणि आजचं ध्वनिशास्त्र त्यावर उभं आहे.

नळीचा आकार बदलला की आवाज का बदलतो, हे नळाखाली कळशी भरताना रोज ऐकू येतं. पाणी चढतं, वरची हवेची पोकळी आखूड होते, आणि सूर चढत जातो. मोठ्या पुरुषाची ही नळी ओठांपासून पडद्यांपर्यंत साधारण १७ सेंटिमीटर असते. जीभ पुढं सरकली की पुढची पोकळी लहान होते, मागं गेली की मोठी. खात्री करायची असेल तर आवाज न काढता नुसतं कुजबुजत 'ऊ' म्हणा आणि मग 'ई' म्हणा. पडद्यांची उघडझाप होतच नाही, तरी 'ई' उंच ऐकू येतो. ती भरत आलेली कळशी.

'शिप' आणि 'शीप'चा झगडा इथंच सुटतो. आपण मुलांना सांगतो, एक ऱ्हस्व, एक दीर्घ. पण मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घानं अर्थ क्वचितच बदलतो. 'दिन' आणि 'दीन' रोजच्या बोलण्यात बहुतेकांचे सारखेच येतात, फरक शुद्धलेखनात राहतो. त्यामुळे ही सूचना मुलांच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. आणि इंग्रजीत फरक नुसता लांबीचा नाही, जागेचा आहे. पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ मध्ये ७६ अमेरिकन माणसांचे स्वर मोजले. पुरुषांच्या 'शीप'मधल्या स्वराचे पहिले दोन अनुनाद, म्हणजे ती नळी ज्या सुरांना जास्त घुमते ते सूर, सरासरी २७० आणि २२९० हर्ट्झला आले, 'शिप'मधल्या स्वराचे ३९० आणि १९९० ला. पहिला आकडा वाढला म्हणजे जीभ खाली आली, दुसरा उतरला म्हणजे ती मागं सरली. म्हणून मी सांगते: 'शीप'ला गाल ताणून, हसल्यासारखं 'ई' म्हणा. मग हसणं सोडून द्या, गाल सैल, जीभ किंचित खाली येऊ द्या, 'ए'च्या दिशेनं. तिथं 'शिप' आहे. आखूड करायच्या नादाला लागू नका, जागा बरोबर झाली की लांबी बहुतेक वेळा आपोआप जुळते.

'बॅट' आणि 'बॉल'मधल्या स्वरांची काळजी नको. ॲ आणि ऑ आपण इतके आपलेसे केलेत की २००९ च्या शासनमान्य वर्णमालेत त्यांना जागा आहे.

वर्णमालेचा विषय निघालाच आहे तर सांगते, तुमच्या वर्गात भिंतीवर जो तक्ता लटकलाय त्याहून चांगला नकाशा मला कुठल्या इंग्रजी पुस्तकात मिळाला नाही. मुलांना 'क च ट त प' सावकाश म्हणायला लावा आणि जीभ कुठं टेकते ते विचारा. मागं पडजिभेजवळून सुरुवात होते, मग टाळू, मग जीभ उलटी वळून टाळूला, मग दात, शेवटी ओठ. मागून पुढं, क्रमानं. आडवं वाचा: क ख ग घ ङ. जागा तीच, पण आधी साधा, मग श्वास सोडून, मग घशाच्या आवाजासकट, मग दोन्ही मिळून, मग नाकातून. प्रातिशाख्यं, म्हणजे वेदांच्या उच्चारांवरचे जुने ग्रंथ, लिहिणाऱ्यांनी हे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुठल्याही यंत्राशिवाय, स्वतःच्या जिभेवर लक्ष ठेवून ओळखलं. आपण मात्र ते पाठांतराला लावून दिलं. इंग्रजी ध्वनी शिकवायचे म्हणजे याच तक्त्यात कुठला आवाज कुठल्या दोन घरांच्या मध्ये पडतो, एवढंच दाखवायचं.

उदाहरणार्थ इंग्रजी टी. आपला त दातांवर, आपला ट टाळूवर. इंग्रजी टी दोन्हींच्या मध्ये, वरच्या दातांमागं हिरडीचा जो उंचवटा लागतो त्यावर. जागा सापडवायला 'ल' म्हणून थांबा. जीभ जिथं टेकली तिथूनच 'ट' सोडा. बस्स.

ट ला जीभ वळते ती एकटी वळत नाही, शेजाऱ्यालाही ओढून नेते. आपण 'एसटी' म्हणतो का? 'यष्टी' म्हणतो. स चा ष झाला, कारण पुढच्या ट साठी जीभ आधीच वळायला लागली होती. सुरुवातीच्या ए आधी य आला, तो 'एक'ला 'येक' म्हणतात तसाच. लोक याला गावंढळ म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. ही जिभेची काटकसर आहे आणि ती प्रत्येक भाषेत चालते. आपल्या अनुस्वाराकडे बघा: गंगा, पंच, घंटा, दंत, आंबा. टिंब एकच, पण नाकातला आवाज प्रत्येक वेळी पुढच्या व्यंजनाच्या जागी जाऊन बसतो. इंग्रज माणूसही भराभर बोलताना 'टेन पाउंड्स'चं 'टेम पाउंड्स' करतो, प साठी ओठ आधीच मिटायला लागतात म्हणून.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या गोष्टीवर देते ती मात्र पुस्तकांत कोपऱ्यात असते: शब्दाच्या सुरुवातीचे पी, टी आणि के.

इंग्लंडमध्ये नोकरीला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीनं, ती नर्स आहे, पहिल्याच महिन्यात फोन केला. "मॅडम, मी 'पिल्स' म्हणते आणि त्यांना 'बिल्स' ऐकू येतं." तिच्या ओठांत काही चूक नव्हती. चूक होती ओठ उघडल्यानंतरच्या एका सेकंदाच्या सतराव्या-अठराव्या भागात. इंग्रजी बोलणारा माणूस पी साठी मिटलेले ओठ उघडतो, मग थोडा वेळ नुसती हवा जाऊ देतो, आणि मग घशाचा आवाज सुरू करतो. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये हा वेळ मोजला: इंग्रजी पी ला सरासरी ५८ मिलिसेकंद, टी ला ७०, के ला ८०. त्यांनी अकरा भाषा तपासल्या होत्या, त्यांत मराठीही होती. आपल्या प मध्ये ओठ उघडले की जवळजवळ लगेच आवाज सुरू होतो. आणि गंमत अशी की इंग्रजी बी मध्येही बहुतेक वेळा तसंच होतं. आपल्या ब मध्ये ओठ मिटलेले असतानाच घसा गुणगुणायला लागतो, तेवढी तसदी इंग्रज घेत नाही. म्हणजे आपला प पडतो त्यांच्या बी च्या घरात. बिचारीच्या 'पिल्स'चं 'बिल्स' होणारच.

हे मुलांना दाखवायला वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरा. 'पान' म्हणा, पट्टी हलत नाही. इंग्रजी 'पेन' म्हणताना ती उडली पाहिजे. महाप्राण, म्हणजे श्वासाच्या झोतासकट येणारं व्यंजन, आपल्याला नवा नाही, ख आणि ठ रोजचे आहेत, म्हणून के आणि टी लवकर जमतात. पी ला अडचण येते, कारण शहरातली मुलं आता फ म्हणजे एफ समजतात आणि दात लावतात. त्यांना गावाकडच्या एखाद्या आजीकडून 'फणस' म्हणवून घ्यायला सांगा. तिचे ओठ आधी पूर्ण मिटतात, मग हवेचा फटका येतो. तो फटका 'पेन'ला हवा, थोडा कमी जोराचा. मात्र एस नंतर तो येत नाही. 'स्पिन', 'स्टॉप', 'स्कूल' यांना पट्टी हलता कामा नये, तिथं आपला साधा प, ट, क अगदी बरोबर आहे.

आता काय सोडून द्यायचं तेही सांगते, कारण शिक्षक इथंच दमतात. 'थिंक'मधला टीएच खरं तर जिभेचं टोक वरच्या दातांना हलकं लावून हवा वाहती ठेवून म्हणायचा. आपण थ म्हणतो, तो अडवून सोडलेला आवाज आहे, लांबवता येत नाही. पण 'टिन' आणि 'थिन' आपण ट आणि थ नं वेगळे ठेवतो, ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. मग सहावीच्या मुलाला त्यासाठी छळायचं कशाला? टी थोडा वळलेला आला तरी तसंच. झेडसाठी 'आवाज' शब्दातला ज आठवा आणि जीभ न टेकवता नुसता तो घासत लांबवा. आपल्याकडे जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगणे, हे दोन ज आधीच वेगळे आहेत, मुलांना लगेच समजतं. आर ला जीभ कुठंही आपटायची नाही, एवढं पुरे. डेलाट्र आणि फ्रीमन यांनी १९६८ मध्ये क्ष-किरणांखाली पाहिलं तर अमेरिकन लोक कुणी टोक वळवून आर काढतात, कुणी जिभेचा मधला भाग फुगवून, आणि ऐकू साधारण एकच येतं. म्हणून आर साठी एकच ठरावीक जागा आहे असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर मानू नका.

आघाताकडे मात्र दुर्लक्ष नको. इंग्रजी शब्दात एका अवयवावर, म्हणजे फो-टो-ग्राफ अशा तुकड्यांपैकी एका तुकड्यावर, जोर पडतो आणि बाकीच्यांत जीभ आपल्या जागेपर्यंत पोचायचे कष्टच घेत नाही, मधोमध पडून राहते. तो मधला स्वर म्हणजे जवळजवळ आपला अ. 'फोटोग्राफ', पण 'फटॉग्रफर'. मुलं स्पेलिंग बघून प्रत्येक स्वर पूर्ण उच्चारतात आणि मग इंग्रज माणसाला शब्दच सापडत नाही. जोराच्या अवयवावर टाळी वाजवून घ्या. मीही तेवढंच करते.

तुमचा शेवटचा प्रश्न. उच्चार पक्के नसताना शिकवावं का? शिकवावं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला विचारलं की व्ही म्हणताना ओठ कुठं जातो, तर बहुतेकांना सांगता येत नाही, त्यांनी कधी शोधलंच नाही. तुम्ही शोधत आहात, मुलांच्या चार दिवस आधी. तेवढं पुरतं. रोज दहा मिनिटं द्या, एका आठवड्याला एकच जोडी घ्या, आणि बोलताना फळ्याकडे तोंड करू नका. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं की कानावर 'बा' आणि डोळ्यांसमोर 'गा' म्हणणारे ओठ असतील तर बऱ्याच जणांना 'दा' ऐकू येतं. ऐकण्यात डोळाही असतो. म्हणून वर्गात ज्या पोराचा व्ही पहिल्यांदा नीट गुणगुणेल त्याला समोर उभं करा आणि बाकीच्यांना त्याच्या ओठांकडे बघून म्हणू द्या. आपल्याच बाकावरच्या मुलाचे ओठ ते मोबाईलवरच्या आवाजापेक्षा लवकर उचलतात.